माणूस मावणार नाही असं भोक

संडासाची टाकी कशाची करावी या विषयावर मत नसलेला माणूस आमच्या गावात शोधून सापडणार नाही. पोरीला स्थळ कुठलं बघावं, इलेक्शनला कुणाच्या मागे जावं, यावर लोक तोंड उघडताना चारदा इकडे तिकडे बघतात. पण टाकीचा खड्डा खणायला घ्या, रस्त्याने चाललेला माणूस गाडी स्टँडला लावून आत येतो, काठावर उभा राहून खड्ड्यात बघतो आणि मान हलवतो. मान हलवल्याशिवाय आमच्याकडे सल्ला सुरू होत नाही.

तळा तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो आणि आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीला लागून, घर बांधलं. रंग झाला, ग्रिल बसलं, दारावर 'धम्मदीप आणि जयमाला' अशी पाटी लागली. दोन संडास झाले, फरशीवर निळी फुलं आहेत. फक्त आत गेलेलं पुढे कुठे जाणार, याचा पत्ता नव्हता. म्हणून आम्ही नवरा-बायको रोज संध्याकाळी नव्या घराला कुलूप लावून बौद्धवाडीतल्या जुन्या घरी जायचो. जयमाला म्हणायची, "घर बघायला छान आहे. राहायला कधी यायचं तेवढं सांगा."

उशीर होण्याचं कारण माझी एक अट होती. टाकी कशाचीही चालेल, सोन्याची करा नाहीतर शेणाची करा, पण तिच्यात कधीही माणूस उतरता कामा नये. आज नाही आणि मी मेल्यावरही नाही.

माझा थोरला भाऊ सीताराम टाकीत मेला. आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही पुढे वाट बघत बसणार नाही. पनवेलच्या अलीकडे एका सोसायटीत तो वॉचमन होता. वॉचमन. निळा शर्ट, शिट्टी, प्लास्टिकची खुर्ची. टाकी साफ करायला आलेला एक माणूस आत पडला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने सीतारामला सांगितलं, बघ रे जरा काय झालं. तो बघायला उतरला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, दोन सफाई कामगारांचा मृत्यू. मी पेपरच्या ऑफिसात फोन करून सांगितलं की तो वॉचमन होता. तिकडून विचारलं, आडनाव काय? सांगितलं. म्हणाले, बघतो. अजून बघतायत.

तेव्हा लोक टाकीचं सामान निवडताना टिकाऊपणा बघतात, स्वस्ताई बघतात. मी एवढंच बघत होतो, की बांधताना आणि उपसताना माणूस आत जातो की नाही.

पहिले आले रामचंद्र गुरुजी. निवृत्त मास्तर, शेजारी सुपारीची वाडी, आणि दुसऱ्याच्या कामात बिनपगारी लक्ष. गुरुजींच्या मते टाकी जांभ्या चिऱ्याचीच हवी आणि तिला तळ घालायचाच नाही. खाली नुसती रेती. "आमची बांधल्यापासून एकदाही भरलेली नाही," ते म्हणाले. इतर लोक मुलगा अमेरिकेत आहे हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात.

हा आमच्या गावचा मान आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. टाकी भरणं ही इथे बेअब्रू असते. टँकर दारात उभा राहिला की आळीभर चर्चा, अमक्याची टाकी भरली म्हणे. म्हणून सगळ्यांच्या टाक्या बिनतळाच्या आणि कुणाचीच भरत नाही. जमीन सगळं पिऊन टाकते. मी विचारलं, "पिऊन जमीन ते ठेवते कुठे, गुरुजी?" गुरुजींची विहीर टाकीपासून चार ढांगांवर आहे. त्या क्षणी माझ्या हातात गुरुजींच्या घरून आलेला, त्याच विहिरीच्या पाण्याचा चहा होता आणि मी अर्धा प्यायलेलो होतो. चहा चांगला होता, यापलीकडे मी काही बोलणार नाही.

गुरुजी जाता जाता म्हणाले, "आणि समजा भरलीच, तर तुला कसली काळजी? तुझ्या तर घरचाच..." आणि थांबले. मास्तर माणूस. वाक्य अर्धं सोडलं की गुण कापले जात नाहीत, हे त्यांना ठाऊक.

मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे देतो, पण एकट्यांना नाही. मी कचेरीत अव्वल कारकून असतानासुद्धा, आळीतली एखादी टाकी नियम मोडून भरली, की कुणीतरी वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा आणि मलाच विचारायचा, तुमच्यातला कोणी आहे का मोकळा. वरच्या साहेबांनीही विचारलं होतं. सातबारा काढून देणारा मी, माझ्याकडे लोक दोन कामांसाठी यायचे. पहिल्या कामाला साहेब म्हणायचे, दुसऱ्याला रे.

चिरा बाद झाला. विटांची टाकी बाद, कारण तिला आतून गिलावा लागतो, तो सुटतो आणि मग गवंडी परत आत. सिमेंटच्या कड्या एकावर एक ठेवून करतात ती बाद, कारण कड्यांचे सांधे खाऱ्या जमिनीत झिरपतात आणि सांधे भरायला पुन्हा माणूस आत. राहिली प्लास्टिकची. मुरुडला एका हार्डवेअरच्या दुकानात काळ्या टाक्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या, गुरांच्या बाजारातल्या म्हशींसारख्या. दुकानदार म्हणाला, लाइफटाइम गॅरंटी. मी विचारलं, कुणाच्या लाइफची? तो म्हणाला, टाकीच्या.

मी टाकीचं तोंड बघितलं. डोळ्यांनी अंदाज येईना, म्हणून चप्पल काढली आणि सरळ डोकं घातलं. डोकं गेलं, एक हात गेला, मग खांदे अडकले. पुढे जाईना, मागे येईना. टाकीत माझाच श्वास घुमत होता आणि बाहेर गिऱ्हाइकं जमत होती. दुकानदाराच्या माणसांनी मला कमरेला धरून ओढलं. शर्टाची दोन बटणं आत राहिली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ही द्या. साठीचा माणूस टाकीत अडकून बाहेर येतो आणि खूश होऊन खिशात हात घालतो, असं गिऱ्हाईक त्या दुकानदाराने पाहिलेलं नव्हतं.

त्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. खड्ड्यात ठेवलीत की आधी काठोकाठ पाणी भरा, मग बाजूने माती लोटा. घरी येऊन जयमालाला सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आमच्या बाजूच्या नळाला पाणी येतं ते वरच्या आळीचं भरून झाल्यावर, म्हणजे उरलं तर. "बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणार, आणि तुम्ही प्यायचं पाणी संडासाच्या टाकीत ओतणार?" बोलणं खरं होतं. मी रिकाम्या टाकीभोवती माती लोटली.

पुनवेचं उधाण आलं तेव्हा खाडीने खालून जमीन फुगवली. सकाळी वाडीतून आलो तर टाकी वर आली होती. नुसती वर नाही, कलती होऊन, पाईप तोडून, अर्धी अंगणात आलेली, म्हशी पाण्यातून तोंड काढून बघतात तशी. खड्ड्यात खारं पाणी. कंपाउंडला लोक टेकलेले. प्रत्येकजण एकच सांगत होता, आधी पाणी भरायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खड्डा खणताना यातला प्रत्येकजण काठावर मान हलवून गेला होता. तेव्हा एकानेही सांगितलं नाही. सल्ला द्यायचा तो फजितीनंतर, म्हणजे चुकत नाही. टाकीच्या बुडाला चीर गेली होती. गुरुजींनी ती सुपारीची रोपं लावायला मागून नेली.

मग अल्पेश आला. अल्पेश म्हणजे पलीकडच्या पाड्यातला आगरी पोरगा, तिशीचा, गळ्यात साखळी, दोन टेम्पो, सेंट्रिंगचं स्वतःचं सामान आणि काम खरंच चांगलं. त्याने खड्ड्यात बघितलं. मान हलवली नाही, तिथेच मला आवडला. म्हणाला, "काका, ओतीव काँक्रीट करू. तळ, भिंती, वर स्लॅब, सगला एकजीव. उधानाच्या बापाला न्हाय उचलनार." तळ आणि भिंती वर स्लॅब नसताना होतात, उघड्या आभाळाखाली, त्यामुळे तिथपर्यंत माझी हरकत नव्हती. अडलं ते स्लॅबच्या भोकावर.

अल्पेशचं म्हणणं दोन फुटी. माझं म्हणणं नऊ इंची. टँकरची नळी चार इंची असते. नऊ इंच म्हणजे नळीला ऐसपैस खोली आणि वर बाल्कनी. माणसाला मात्र जागा नाही. लहान पोरालाही नाही. अल्पेश म्हणाला, असा भोक कोन ठेवत न्हाय. मी म्हटलं, मी ठेवतो.

ग्रामपंचायतीत कल्पिता मॅडम ग्रामसेविका आहेत. बाई सरळ आहेत, वेळेवर येतात, याबद्दल लोक त्यांच्यावर नाराज असतात. त्या म्हणाल्या, मंजूर नकाशात झाकण दोन फुटी आहे, नऊ इंची असेल तर घर पूर्ण झाल्याचा दाखला देता येणार नाही.

"दोन फूट कशाला?" मी विचारलं.

"माणूस उतरला पाहिजे ना साफ करायला."

"माणूस उतरवणं कायद्याने गुन्हा आहे, मॅडम. तुमच्याच भिंतीवर बोर्ड आहे."

त्यांनी मागे वळून भिंतीवरचा बोर्ड वाचला. पहिल्यांदाच वाचत असाव्यात. "हो, ते आहेच. पण इमर्जन्सीला."

"इमर्जन्सीला कोण उतरणार?"

"कोण म्हणजे... जो उतरतो तो."

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. याच गोष्टीचा मला राग येतो. मनात वाईट असतं तर भांडता आलं असतं.

स्लॅब ओतायच्या दिवशी मी खुर्ची घेऊन तिथेच बसलो. अल्पेशने दोन फुटी चौकट ठोकली होती. मी ती उपटून टाकली आणि नऊ इंची पाईपचा तुकडा उभा केला. तो माझ्याकडे बघत राहिला, त्याच्या माणसांसमोर त्याची लाज गेली, आणि काँक्रीटची मिक्सरगाडी तर सुरू झाली होती. त्याने रागाने ओतून टाकलं. रागात एक गोष्ट तो विसरला आणि खुर्चीवर बसलेला मी शहाणाही विसरलो. ओल्या स्लॅबला खालून फळ्या आणि टेकू असतात. स्लॅब सुकला की ते काढावे लागतात. काढायला माणूस आत जातो. आणि मी तर माणूस मावणार नाही असं भोक ठेवून त्या फळ्या आतच चिणून टाकल्या होत्या.

अल्पेश दोन आठवड्यांनी आला तेव्हा हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. मी म्हटलं, राहू देत आत, तुला नव्या फळ्या आणून देतो. त्याला ते जमणार नव्हतं. त्यांच्यात ओतलेल्या कामात आपलं लाकूड सोडत नाहीत. बापाने सांगून ठेवलंय म्हणाला, कामात लाकूड सोडलं तर ते आपल्या तिरडीचं होतं. शिवाय श्रीवर्धनला दुसरा स्लॅब खोळंबला होता. मी त्याला बसवून सांगितलं, की बंद टाकीत ओलं लाकूड कुजतं आणि हवा खाऊन टाकतं. वास येत नाही म्हणजे आत हवा आहे असं नाही. हे मला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. सीतारामचं पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरने सांगितलं होतं.

अल्पेश हसला. "काका, नवी टाकी हाय. अजून कोनी बसला पन न्हाय तुमच्या संडासात. घान कुटं हाय?"

सगळ्यांची समजूत हीच. माणूस घाणीने मरतो. घाणीतला माणूस मरतो. स्वच्छ टाकीत आगऱ्याचा पोरगा कशाला मरेल?

दाखल्यासाठी मी पुन्हा पंचायतीत गेलो होतो आणि कल्पिता मॅडमशी त्याच दोन फुटांवर हुज्जत घालत होतो. परत आलो तर कंपाउंडबाहेर काँक्रीट फोडायच्या मशीनची वायर दिसली. स्लॅबचं भोक फोडून मोठं केलेलं, कडेने सळ्या वाकवलेल्या. बाजूला तीन-चार फळ्या आणि अल्पेशची चप्पल. त्याचा धाकटा भाऊ निकेत भोकात तोंड घालून हाका मारत होता, "दादा, ए दादा." आतून उत्तर नव्हतं. जयमाला मला बघून एवढंच म्हणाली, "आत्ता बोलत होता."

निकेतने शर्ट काढला आणि पाय आत सोडले.

मी धावलो आणि त्याच्या बरगडीत लाथ घातली. आयुष्यात मी कुणाला लाथ मारलेली नाही. कारकुनाला तशी वेळ येत नाही. पण बसली चांगली. तो रेतीच्या ढिगावर जाऊन पडला. उठून परत आला, तेव्हा मी पहार उचलून भोकाशी उभा राहिलो आणि सांगितलं, आत जाणाऱ्याचं डोकं फोडीन.

माणसं जमली. आमच्याकडे माणसं जमायला वेळ लागत नाही. एकजण ओरडला, माणूस आत मरतोय नि हा दारात उभा आहे. दुसऱ्याने मी कोण, कुठल्या वाडीतला, तेही काढलं, आणि ह्याला मरू द्यायचाय असंही म्हणाला. गुरुजी कंपाउंडच्या पलीकडून शांतपणे म्हणाले, "धम्मदीप, माणुसकी बघ." मी माणुसकीच बघत होतो. आत एक पडलेला होता. दुसरा गेला असता तर दोन झाले असते. तिसरा त्या दोघांना बघायला गेला असता. हे गणित मास्तरला येत नव्हतं.

मी निकेतला म्हटलं, मशीन घे आणि लांबचा कोपरा फोड. दादा ज्या बाजूला पडलाय ती सोडून. तो रडत होता, मला आईवरून शिव्या देत होता, पण त्याने मशीन चालू केली. जयमालाने घरातला टेबलफॅन वायरीसकट ओढत आणून भोकाच्या तोंडाशी धरला. ती जमलेल्यांना म्हणाली, "शिव्या नंतर द्या, आधी घण आणा." दोघांनी आणला. नवाकोरा स्लॅब होता. मी स्वतः पाणी मारून पिकवलेला. पहिला घण मला माझ्या छातीवर बसल्यासारखा वाटला, आणि तिसऱ्याला काहीच वाटलं नाही. कोपरा ढासळला, मग अर्धी बाजू. आत ऊन पडलं. स्लॅबवर मारलेलं पाणी भोकातून उतरून गुडघाभर साचलेलं, टेकूंचा पसारा, आणि भिंतीला टेकून अल्पेश, तोंड पाण्याच्या वर, नशीब एवढंच. पंखा तसाच चालू ठेवला. टाकीत हवा खेळली, तेव्हा मी पहार खाली टाकली आणि वरून पालथं पडून त्याला काखेत धरून वर काढलं. निकेतने एका बाजूने, मी दुसऱ्या.

मुरुडच्या दवाखान्यात त्याने डोळे उघडले. पहिला प्रश्न विचारला, फळ्या निघाल्या का? दुसरा विचारला, माझा पाय कुणी मोडला? कारण कोपरा ढासळताना एक ढेकूळ उडून त्याच्या नडगीवर बसलं होतं.

गावात जी गोष्ट राहिली ती पायाची. मी अल्पेशचा पाय मोडला आणि निकेतला लाथ मारली. का मारली ते सांगायला वेळ कुणाकडे आहे? चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं. गुरुजींनी भेटून समजावलं, की तुझा हेतू चांगला होता, पण पद्धत चुकली. मी विचारलं, योग्य पद्धत कुठली? ते म्हणाले, तो विषय मोठा आहे. पंचायतीने दाखला अडवला तो अडवलाच, आता तर स्लॅबच नव्हता. आम्ही रोज संध्याकाळी कुलूप लावून वाडीत जात होतो. उधाणाला काठावरून खारं पाणी आत घेणारी उघडी टाकी अंगणात आ वासून बसली होती आणि रस्त्याने जाणारे काठावर येऊन मान हलवत होते.

पाय प्लास्टरमधून निघाल्यावर अल्पेश स्वतःच आला. काठी टेकत, टेम्पो घेऊन. टेम्पोत काँक्रीटच्या तयार लाद्या होत्या, त्याच्या अंगणात ओतून, सुकवून आणलेल्या. वरून उचलून ठेवायच्या, खाली फळी नको, टेकू नको, आत कुणाला जायला नको. मधल्या लादीत त्याने भोक ठेवलं होतं. मी पट्टी लावली नाही. बघूनच कळत होतं, त्यात माणूस मावणार नव्हता. दाखल्याचं काय ते कल्पिता मॅडम आणि मी बघू, आमचं भांडण आता जुनं झालंय, त्यात तिसऱ्याचं काम नाही.

टेम्पोत पुढे त्याची आई कृष्णाबाई बसली होती. मिठागरावर उभं आयुष्य घालवलेली, तळपाय भेगाळलेली, आवाज खणखणीत. दवाखान्याच्या दारात तिने मला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या होत्या. मला वाटलं उरलेल्या आणल्या असतील. पोरं लाद्या उतरवत होती तोवर ती खाली उतरली, रेतीच्या ढिगावर बसली आणि मला जवळ बोलावलं.

"माज्या निकेतला लाथ मारलीस व्हय रं दादा?"

"मारली, बाय."

"बरगडी सुजली त्याची. आट दिवस कुशीवर झोपला न्हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "बरी मारलीस."

ती टाकीकडे बघत होती. पहिली लादी बसत होती, आत अंधार व्हायला लागला होता. निकेत लांबून माझ्याकडे न बघता काम करत होता.

"तुजा भाव गेला," ती म्हणाली, "तवा तितं कोन न्हवता का, लाथ मारनारा?"

"लोक होते, बाय," मी म्हटलं. "पुष्कळ होते."